तेज पेट्रोलचं व्रत

“दिवा काजळी धरू लागला तर तेलाला बोल लावू नकोस, हेमा. आधी वात मागे घे.”

सासूबाईंचं हे सांगणं मी वसईतल्या गिरीज गावच्या घरात सून म्हणून आले त्या वर्षातलं. नंदादीपाची ज्योत धुरकटत होती, देव्हाऱ्याच्या कमानीला काळा पट्टा आला होता, आणि तेलात भेसळ आहे असं ठरवून मी डबा दुकानदाराच्या तोंडावर परत करायला निघाले होते. त्यांनी काडीनं वात जराशी मागे सारली. धूर गेला. तेल तेच, दिवा तोच.

सासूबाई गेल्या, दिवा माझ्याकडे आला. सकाळी तो लागेपर्यंत मी पाण्याचा घोट घेत नाही. मंगळवार, संकष्टी, चातुर्मासातलं मौनाचं जेवण, सगळं चालू आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची हकिगत वाचून कुणीतरी म्हणेल, ही बाई देव न मानणाऱ्यांतली दिसते. मी मानते. म्हणूनच मला राग आला.

गोष्ट दोन हजार चार सालची, दिवाळीनंतरची. रेल्वेवरच्या पुलाच्या पायथ्याशी एक नवा पेट्रोलपंप निघाला होता. तिथं दर रविवारी सकाळी जत्रा भरायची. नव्या सोसायट्यांमधले नोकरदार आपापल्या मारुत्या पुसून आणायचे, आमच्या वाड्यांमधले केळीवाले व्हॅन आणायचे, आणि गाडी नसलेले नुसते बघायला यायचे. पुलाच्या कठड्याला टेकून माणसं उभी. मध्ये भगव्या कापडाचा मांडव, आणि मांडवात तेजोनिधी महाराज.

पंपावर निरांजन पेटवता येत नाही. महाराजांनी त्यावर तोडगा काढला होता. पितळी निरांजनात बॅटरीवरचा लाल बल्ब बसवला होता. आरती सुरू झाली की त्यांचा शिष्य केयूर खालचं बटण दाबायचा.

“भक्तांनो, साधं पेट्रोल अठ्ठ्याऐंशी ऑक्टेनचं. अठ्ठ्याऐंशी म्हणजे देह. आणि हे आपलं तेज पेट्रोल त्र्याण्णवचं. त्र्याण्णव म्हणजे आत्मा. मधले पाच म्हणजे काय?”

“पंचमहाभूतं,” लोक म्हणायचे. त्यांना पाठ झालं होतं.

“देवापुढं तुपाचा दिवा लावता ना? मग जी गाडी तुमच्या लेकराबाळांना पाठीवर घेते, तिच्या पोटात डालडा का घालता?”

आमच्याकडे हे बरोबर जाऊन बसलं. वसईची माणसं तुपाच्या बाबतीत हळवी. घरात तेल जपून वापरतील, पण देवापुढं कमी पडू देणार नाहीत. गाडीला तूप, ही कल्पना त्यांना इतकी पटली की तूप घालून दिव्याचा उजेड खरंच वाढतो का, हे कुणी विचारलं नाही.

पहिल्यांदा मी गेले ती माझे धाकटे दीर कृष्णाभाऊजी घेऊन गेले म्हणून. त्यांची जुनी मारुती व्हॅन. सकाळी भाजी आणि केळी बाजारात टाकायची, आणि मंगळवार-शुक्रवार आल्बिनामावशीला बोरिवलीच्या हॉस्पिटलात न्यायचं. मावशीची मूत्रपिंडं थकलेली. मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागायचं, आणि ती पाळी चुकवून चालत नसे. मावशी म्हणजे सासूबाईंची जन्माची मैत्रीण. आमची वाडी आणि त्यांची वाडी यांच्यामध्ये एकच विहीर. दोघी एका टोपलीला दोन बाजूंनी हात लावून बाजाराला जायच्या. सासूबाईंनी शेवटच्या दिवसांत कृष्णाभाऊजींचा हात धरून म्हटलं होतं, “आल्बिनाला नेणारं कुणी नाही. तिची हॉस्पिटलची फेरी तुझ्याकडे.” त्यांनी मान हलवली होती. त्यानंतर त्यांची एक फेरी कधी चुकली नव्हती.

“वहिनी, आज व्हॅनचा संस्कार आहे,” ते म्हणाले. “तुमच्यासारखं हळदकुंकू मला लावता यायचं नाही. तुम्ही चला.”

गाडीनं उपाशी यायचं, असा नियम होता. म्हणजे टाकीत पेट्रोल तळाशी हवं. व्हॅन आली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा, शिवणयंत्रासारखा होता. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली. केयूरनं सीट उचलली, फुलांचं ताट घेऊन वाकला, मंत्र पुटपुटत आत बराच वेळ हात फिरवला. मग महाराज म्हणाले, “आता पुलावर चढवा. हिच्या पोटातली अशुद्धी बोलेल.”

आणि ती बोलली. चढावर व्हॅन खडखडायला लागली. पत्र्याच्या डब्यात कुणी खडे घालून हलवावे तसा आवाज. लोक कठड्यावरून वाकून ऐकत होते. भाऊजींचा चेहरा पांढरा पडला.

“घाबरू नका,” महाराज म्हणाले. “संस्कार झाला की गाडीला अशुद्ध सोसत नाही. आता तेज पाजा.”

तेज पेट्रोल भरलं. व्हॅन पुन्हा पुलावर चढली, आणि आवाज बंद. अगदी बंद. एका आजोबांनी रस्त्यावरच हात जोडले. माझेही हात नकळत वर आले असते, पण त्यांत नारळ होता.

मग केयूरनं सीटच्या कडीला लाल दोरा बांधला. “महाशिवरात्रीपर्यंत व्रत. दुसऱ्या पेट्रोलचा थेंब चालणार नाही. दोरा सोडायचा नाही, गॅरेजवाल्याचा विटाळलेला हात आत जाऊ द्यायचा नाही. उद्यापन इथंच करायचं. व्रत मोडलं तर इंजिन कोपेल, आणि कोपलेलं इंजिन फुटतं. आत कोण बसलंय ते बघत नाही.”

शेवटचं वाक्य तो भाऊजींकडे बघून म्हणाला. आल्बिनामावशीची हकिगत त्यांनी भोळेपणानं आधीच त्याला सांगितली होती.

पुढच्या काही आठवड्यांत आमच्या भागात ज्याच्या त्याच्या गाडीत लाल दोरा दिसायला लागला. कुणी म्हणे मायलेज वाढलं. कुणी म्हणे बॉसनं बढती दिली. एकानं तर सांगितलं की तेज भरल्यापासून त्याची बायको गाडीत भांडत नाही. सुझाननं त्याला विचारलं, “मग पेट्रोल तिला पाजता का?”

सुझान ही आल्बिनामावशीची भाची. शाळेत विज्ञान शिकवते. नवरा जहाजावर, त्याची मारुती आठशे अंगणात. नुकतीच चालवायला शिकलेली, त्यामुळे शाळा आणि चर्च एवढाच तिचा रस्ता. हायवेच्या ट्रकांना ती भ्यायची आणि तसं सांगायलाही लाजायची नाही. आमच्या दोघींचं बरं जमतं. माझा उपास मंगळवारचा, तिचा ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा. एकमेकींच्या उपासाला आम्ही कधी हसलो नाही.

एका शुक्रवारी पंपावर तेजचा टँकर आला नाही.

मी दुपारी वाडीतून भाजी घेऊन येत होते. बघते तर व्हॅन अंगणात, आणि भाऊजी पायरीवर डोकं धरून बसलेले.

“मावशीला नेलं नाही?”

“पेट्रोल नाही, वहिनी.”

“पंप बंद आहे?”

“चालू आहे. साधं आहे. तेज नाही.”

“मग साधं घालायचं, भाऊजी.”

“आणि हायवेवर इंजिन फुटलं म्हणजे? मावशीला घेऊन? काल जरा साधं घालून बघितलं. आतून असं खडखडलं, तुम्ही ऐकलं नाही. माझ्या पायाखालीच आहे ते इंजिन.” ते रडायच्या बेतात होते. “आईला शब्द दिलाय मी. मावशीला मारीन का?”

मी भाजी तिथंच ठेवली आणि विहिरीवरून पलीकडे गेले. मावशी खाटेवर उशांना टेकून बसली होती. आडवं झालं की श्वास लागत होता. पायांवर बोट दाबलं की खळगा तसाच राहत होता. सकाळपासून बाहेर जायचं म्हणून नेसलेलं लुगडं अंगावर तसंच.

“कृष्णा नाय आला गो बाय,” ती म्हणाली. एकेका शब्दाला थांबत होती. “त्याला रागावू नको. त्याची गाडी उपासाला हाय.”

तिला हसायचं होतं, पण हसायला श्वास पुरला नाही.

सुझान शाळेतून आली ती धावतच. हॉस्पिटलात फोन केला, दुसऱ्या दिवशी सकाळची जागा मिळवली, भाड्याची गाडी ठरवली. मावशी वाचली. डॉक्टर सुझानला एवढंच म्हणाले, की परत असं झालं तर माझ्याकडे आणूच नका, आणून उपयोग व्हायचा नाही.

शनिवारी संध्याकाळी मी दिव्यापाशी बसले होते. मन जागेवर नव्हतं. वात जास्त पुढं ओढली गेली आणि ज्योत धुरकटायला लागली. मी सवयीनं काडी घेतली, वात मागे सारली. धूर गेला. माझा हात तसाच राहिला.

व्हॅन इतकी वर्षं साध्या पेट्रोलवर चालली होती, हूं की चूं न करता. काजळी धरली ती कधीपासून? संस्कारापासून. त्या खडखडीच्या आधी पेट्रोल बदललं नव्हतं. आधी केयूरचा हात आत गेला होता.

मी तशीच सुझानकडे गेले. “सुझान, हसू नकोस. इंजिनात वात असते का गं?”

ती हसली. मग हसायची थांबली.

“असते की, हेमांगीताई.”

तिनं मला आपल्या गाडीचं बॉनेट उघडून दाखवलं. इंजिनाच्या बाजूला एक काळं टोपण, त्यातून जाड वायरी निघालेल्या. गॅरेजवाले त्याला डेल्को म्हणतात. पेट्रोलच्या वाफेवर ठिणगी नेमकी कधी पडायची, ते हे टोपणाखालचं डबडं ठरवतं. एक नट सैल करून डबडं जरा फिरवलं की ठिणगी लवकर पडते.

“आणि लवकर पडली की?”

“मग आतली सगळी वाफ नीट पेटायच्या आधीच उरलेली दाबानं आपोआप भडकते. तीच खडखड. वात पुढं आली.”

“आणि तेज घातल्यावर थांबते ती?”

“थांबणारच. ऑक्टेन म्हणजे ताकद असं सगळे समजतात. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची सहनशक्ती. दाबलं तरी आपोआप न भडकण्याची. काही गाड्यांची इंजिनं जास्त दाबाची असतात, त्यांना ती लागते. आपल्या गाड्या साध्या पेट्रोलसाठीच बनवलेल्या. त्यांत तेवढा दाबच नसतो. ती जास्तीची सहनशक्ती नुसती पडून राहते, आपण पैसे मात्र देतो.”

“म्हणजे पेट्रोल खोटं नाही.”

“पेट्रोल खरं आहे. खोट गाडीत घातलीय. चांगल्या गाडीला आजारी करून औषध विकतायत.”

आम्ही दोघी त्या उघड्या बॉनेटपाशी उभ्या होतो. मला मावशीच्या पायावरचा तो खळगा दिसत होता.

“भाऊजी दोरा सोडू देणार नाहीत,” मी म्हटलं. “दोरा बांधलाय तो यासाठीच. कुणी आत बघू नये म्हणून.”

“मग माझी गाडी नेऊ.”

मी देवघरातून कुंकवाची कोयरी आणली. कुंकू थोड्या तेलात कालवलं, आणि सुझान टॉर्च धरून उभी राहिली तेव्हा काडीच्या टोकानं एक बारीक रेघ ओढली. अर्धी रेघ डबड्यावर, अर्धी ते ज्यावर बसतं त्या इंजिनाच्या भागावर. सलग, सरळ. शेजारी दोन बोटं हळद लावली, एक अक्षता चिकटवली. सवाष्णीनं पूजलेलं इंजिन, कुणाला काय वाटणार? कुंकू वाहताना मी नेहमीसारखे हात जोडले. त्यात काही ढोंग नव्हतं. मनातल्या मनात सासूबाईंना म्हटलं, वात कुठं होती ते तुम्ही लक्षात ठेवा.

रविवारी गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. टँकर आला होता, आणि महाराज त्याचीही आरती करत होते. सुझानची गाडी रांगेत शिरली तेव्हा मांडवात कुजबुज झाली. टीचर आल्या म्हणजे प्रश्नच मिटला. महाराजांनी तिला हात जोडून पुढं घेतलं.

“धर्म कुठलाही असो, ऑक्टेन एकच,” ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“माझी गाडी अशुद्ध आहे का ते आधी ऐकूया,” सुझान म्हणाली. “पुलावर नेऊन आणते.”

गाडी चढली आणि उतरली. काही आवाज नाही. महाराज हसले. “अशुद्धी झोपलेली आहे, टीचर. संस्कारानं जागी होईल.”

केयूर ताट घेऊन वाकला. मी त्याच्या शेजारी, जास्वंदीची परडी धरून. ताटात फुलं भरपूर होती, आणि फुलांखाली चकाकणारं काहीतरी. त्याचा उजवा हात फुलांसकट आत गेला, मनगट एकदा वळलं, दुसऱ्यांदा वळलं. मंत्र थोडा लांबला. मग त्यानं बॉनेट खाली टाकलं.

सुझान पुलावर गेली. गाडी खडखडली, भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखी. कठड्यावरचे लोक म्हणाले, “बोलली, बोलली.”

“तेज पाजा,” महाराजांनी नळीकडे हात केला.

“थांबा,” मी म्हटलं.

माझा आवाज मुळात हळू आहे. आमचे हे म्हणतात की तू रागावलीस की शेजारच्या खोलीतही कळत नाही. तिथंही पहिल्यांदा कुणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा तेवढ्याच आवाजात म्हटलं, “थांबा. बॉनेट उघडा.” पुढच्यांनी मागच्यांना गप्प केलं, काय म्हणतात वहिनी म्हणून. हळू बोलणाऱ्याचा एवढा एक फायदा असतो.

“माते, संस्कारानंतर उघडायचं नसतं,” महाराज गोड आवाजात म्हणाले. “दोरा बांधायची वेळ आहे.”

“अजून बांधलेला नाही. मी काल इंजिनाची पूजा केली. माझं कुंकू जागेवर आहे का ते बघायचंय.”

सवाष्णीला कुंकू बघू नको कसं म्हणायचं? महाराजांची चलबिचल झाली तेवढ्यात सुझाननं बॉनेट उघडलं होतं. मी पुढच्या माणसाला, एका सोसायटीचे सेक्रेटरी होते ते, म्हटलं, “दादा, तुम्ही बघा. ही रेघ मी सलग काढली होती. काल संध्याकाळी. आता सांगा.”

त्यांनी चष्मा वर केला. “तुटलीय. वरचा अर्धा भाग इकडं सरकलाय. चांगला बोटभर.”

“वरचं डबडं फिरलंय,” सुझान म्हणाली. “आपोआप फिरत नाही. नट सैल करावा लागतो.”

“धक्क्यानं फिरलं असेल,” केयूर म्हणाला.

“ताट इकडं दे, बाळा,” मी म्हटलं.

त्यानं ताट छातीशी धरलं. मी त्यातली फुलं एकेक उचलून परडीत घेतली, देवाची फुलं खाली पडू नयेत म्हणून. जास्वंद गेली, झेंडू गेला, आणि तळाशी हळदीनं पिवळा झालेला पाना उघडा पडला.

गर्दीत कुणीतरी हसलं. कुणीतरी महाराजांकडे बोट दाखवून म्हणालं, “अरे, हा तर हर्षवर्धन. नालासोपाऱ्याला इंजिनात घालायच्या बाटल्या विकत फिरायचा. तेव्हा दाढी नव्हती.”

महाराजांनी आवाज चढवला. “बाई, तू देवधर्म करणारी म्हणवतेस आणि देवाच्या कामात शंका घेतेस?”

“देवाबद्दल मला शंका नाही. तुमच्या पान्याबद्दल आहे.”

“व्रतावर बोट ठेवू नकोस. शाप लागेल.”

“व्रत काय असतं ते मला शिकवू नका,” मी म्हटलं. “व्रतात आपण काहीतरी सोडतो. जेवण सोडतो, बोलणं सोडतो, हट्ट सोडतो. आजारी माणसाला घरात सोडून देणं हे कुठल्या पोथीत आहे? शुक्रवारी तुमच्या व्रतापायी एक म्हातारी श्वासाला महाग झाली होती. माझा देव असली किंमत मागत नाही. मागितली असती तर मी त्याला पूजलं नसतं.”

सुझाननं केयूरच्या ताटातलाच पाना घेतला. नट सैल केला, आणि डबडं हळूहळू मागे फिरवत आणलं. मी वाकून बघत होते. कुंकवाची दोन टोकं जवळ आली, जवळ आली, आणि जुळली. “बस,” मी म्हटलं. तिनं नट आवळला.

“पेट्रोल तेच आहे,” ती मोठ्यानं म्हणाली, वर्गात म्हणते तशी. “साधं. थेंबभरही नवीन घातलेलं नाही. ऐका आता.”

गाडी पुलावर चढली. रविवारची सगळी गर्दी एक कान होऊन ऐकत होती. खालून एक लोकल गेली, तिचा आवाज विरला, आणि तरी पुलावरून काही आलं नाही. शिवणयंत्राची घरघर, तेवढीच.

लोक आपापल्या गाड्यांकडे गेले आणि दोरे तुटायला लागले. पंपाचे मालक सारखे सांगत होते की मांडवाला जागा दिली एवढंच, बाकी मला काही ठाऊक नाही. सेक्रेटरीसाहेबांनी त्यांना पोलीस येईपर्यंत खुर्चीवर बसवून ठेवलं. महाराज मात्र या गोंधळात निसटले, बॅटरीचं निरांजन तिथंच विसरून. त्यातला बल्ब दुपारपर्यंत जळत होता.

भाऊजी मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. मी त्यांच्याजवळ गेले नाही. थोड्या वेळानं ते स्वतःच व्हॅनकडे गेले, सीटच्या कडीचा लाल दोरा दोन्ही हातांनी ताणून तोडला, आणि सुझानला म्हणाले, “टीचर, माझीही वात मागे घ्याल?”

“अंदाजानं घेते. उद्या गॅरेजात नीट लावून घ्या. विटाळ होणार नाही.”

माझ्या वाचकांना मी एवढंच सांगेन. दिवा लावा, उपास करा, नवस फेडा. पण कुणी म्हणालं की आत बघू नका, दोरा सोडू नका, दुसऱ्या कुणाला दाखवू नका, तर तिथंच थांबा आणि आत बघा. आपली गाडी कुठल्या पेट्रोलसाठी बनवली आहे ते बनवणाऱ्यानंच सांगून ठेवलेलं असतं. त्यापेक्षा महाग पाजून ती जास्त धावत नाही, आणि देवाला त्यातलं काही पोचत नाही. गाडी खडखडली तर गॅरेजात न्या. माणूस आजारी असलं तर दवाखान्यात न्या. बघितल्यानं खरा देव कोपत नाही, आणि जो कोपतो त्याच्या ताटात पाना असतो.

मंगळवारी पहाटे मी दिवा लावत होते. वात नीट होती, ज्योत सरळ होती. अंगणात व्हॅन सुरू झाल्याचा आवाज आला, मऊ, एकसारखा. मी अजून पाणी घेतलं नव्हतं, तशीच ओटीवर गेले.

भाऊजींनी मागची सीट पुसली होती, टेकायला घरातली उशी ठेवली होती. आदल्या संध्याकाळी साधं पेट्रोल भरून आणलं होतं. देव्हाऱ्याच्या दिशेनं, जिथं सासूबाईंचा फोटो आहे, त्यांनी एकदा मान वाकवली.

मग दिवे न लावता, गाव जागं होऊ नये इतक्या हळू, व्हॅन केळीच्या वाडीमधून विहिरीकडे वळली. पलीकडच्या दारात आल्बिनामावशी लुगडं नेसून उभी होती.